पाठवण्याआधी खोडलेलं

आमच्या तक्रार विभागात सहा खुर्च्या होत्या आणि खिडकीजवळची मावशींची. कपडे धुण्याची यंत्रं आणि फ्रिज विकणारी आमची कंपनी. विकताना गोड बोलायला तळमजल्यावर माणसं नेमलेली, आणि विकून झाल्यावर बोलणी खायला तिसऱ्या मजल्यावर आम्ही बायका. मावशी आमच्यापैकी कुणाच्याच मावशी नव्हत्या. पण त्यांची सख्खी भाची वरच्या मजल्यावर प्रोग्रामर म्हणून लागली, येता-जाता मावशी मावशी करू लागली, आणि बघता बघता साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी झाल्या.

भाचीची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून ती मावशींकडेच वाढली. तिच्या नोकरीचा अर्जही मावशींनी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता, एरवी स्वतःसाठी कधी कुणाकडे शब्द न टाकणाऱ्या बाईनं. पोरगी हुशार होती, हे मी आजही नाकारत नाही. आज तिच्याबद्दल एवढंच बरं बोलायची माझी तयारी आहे.

बावीस वर्षं मावशींनी फोनवर काढली. त्यांची एक खोड होती. गिऱ्हाईक फारच सुटलं की त्या रिसीव्हरवर हात ठेवायच्या, आम्हाला ऐकू जाईल असं एक झणझणीत वाक्य बोलायच्या, आणि हात काढून मधाळ आवाजात म्हणायच्या, "हं, बोला ना." आम्ही पाचजणी पोट धरून हसायचो. सबंध दिवस माणसांची खेकसणी ऐकून आमची डोकी ठिकाणावर राहिली ती या एका सवयीमुळे.

मग कंपनीच्या वेबसाइटवर चॅट आणायचं ठरलं. आधी तिथं नुसता एक फॉर्म होता. गिऱ्हाईक तो भरायचं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचो. आता गिऱ्हाइकानं लिहिलं की त्याच क्षणी आमच्या पडद्यावर उमटणार, आम्ही लिहिलं की त्याच्या, पान पुन्हा उघडायचीसुद्धा गरज नाही. हे काम भाचीकडे आलं. चॅटचा वेगळा विभाग होणार होता, आणि त्याची प्रमुख म्हणून मावशींचं नाव जवळजवळ नक्की होतं. याआधी दोनदा त्यांना डावलून बाहेरची माणसं आणली होती. या खेपेला साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की पद तुमचंच धरून चाला. मावशींनी वरवर काही दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी चष्म्याची नवी काच करून घेतली.

चॅट सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात रडारड. नेट गेलं की लिहिता लिहिता अर्धवट राहिलेलं उत्तर गडप. मावशी एका बोटानं टाइप करणाऱ्या, त्यांचे दहा दहा मिनिटांचे कष्ट पाण्यात जायचे. त्या भाचीवर करवादल्या. भाचीनं दोन दिवसांत तोड काढली. आम्ही लिहीत असताना दर दोन सेकंदांनी त्याची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवली जायची. नेट परत आलं की मजकूर होता तिथं हजर. मावशींना केवढं कौतुक. माझ्यासाठी केलं हो पोरीनं, असं त्या चार दिवस सांगत होत्या.

आता चॅटमध्ये रिसीव्हर नाही, हात ठेवणार कशावर? मावशींनी यावरही उपाय शोधला आणि आम्हा सगळ्यांना शिकवला. आधी मनातलं सगळं त्या चौकटीत लिहून टाकायचं, एकदा वाचायचं, खोडायचं आणि मग शहाण्यासारखं उत्तर लिहायचं. भाचीला मी एकदा विचारलंही होतं, की पाठवायच्या आधी समोरच्याला दिसत नाही ना? ती म्हणाली, छे, त्याला फक्त तुम्ही लिहिताय एवढंच कळतं. खोटं नव्हतं ते. मी आणखी कुणाला दिसतं का हे विचारलं नाही, आणि तिनं आपणहून सांगितलं नाही.

महिन्याभरानं, एका सोमवारी, चॅट कसं चालतं ते दाखवायला मोठ्या खोलीत बैठक होती. आमच्या साहेबांबरोबर वरचे दोघे साहेब आले होते, आम्हीही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर होतो. भाचीनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नेट बंद करून दाखवलं, चालू करून दाखवलं, गेलेला मजकूर परत आला. मग साहेबांनी विचारलं की आधीचं पण राहतं का. भाचीनं एक बटण दाबलं आणि महिनाभराचं सगळं लिहिलेलं-खोडलेलं रांगेनं खाली उतरलं. पहिलीच ओळ होती, "पाणी तुमच्या मशिनमध्ये नाही, डोक्यात शिरलंय." खोली हसली. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग वर कोपऱ्यात खातं कुणाचं आहे ते मला दिसलं.

साहेब म्हणाले, आणखी खाली घे. भाची एकदा थांबली. मावशींकडे तिनं बघितलं नाही. तिनं पान खाली घेतलं. तिथं होतं, "साहेबांना विचारून सांगते, म्हणजे त्यांना काही कळत नाही हे तुम्हालाही कळेल." आता कुणी हसलं नाही. मावशी हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला त्या पोरीचा भयंकर संताप आला. आणि स्वतःची लाज वाटली ती वेगळीच.

साहेब चिडले नाहीत. तेही एक कसब असतं. गुरुवारी त्यांनी मावशींना बोलावून सांगितलं की चॅटच्या प्रमुखपदासाठी बाहेरून माणूस घेतोय, तुम्ही फोनवरच छान आहात. तुमच्यासारखा आवाज कुणाकडे नाही, असंही वर म्हणाले.

त्या दिवशी पाच वाजता भाची खाली आली. बाकीच्या निघून गेल्या होत्या, मी मुद्दाम फायली लावत रेंगाळले होते. तिचे डोळे सुजले होते. ती सांगत सुटली, की तिला एकच ओळ दाखवायची होती, साहेब आणखी मागतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांसमोर नाही म्हणायला तिची जीभ उचलली नाही. मावशी टेबल आवरत ऐकत होत्या.

"माझंच खातं का उघडलंस?" त्यांनी विचारलं.

भाची म्हणाली, बाकी पाचही जणींना तिनं आधी विचारलं होतं, तुमचं चॅट नमुना म्हणून बैठकीत दाखवू का म्हणून, आणि पाचही जणी नाही म्हणाल्या. खरं होतं. मलाही विचारलं होतं आणि मी तोंडावर नाही म्हटलं होतं.

"आणि मला?"

"तू घरचीच ना, मावशी. तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नसतंच म्हटलं मी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तरी विचारायचं होतंस."

त्यांनी पर्स उचलली आणि जिन्यानं उतरून गेल्या. भाची त्यांच्या मागे दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. दोघींचं घर एकच. मी निघाले तेव्हाही ती मावशींच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभी होती, आणि मला म्हणाली, "मी आता कुठं जाऊ?" मी कपाटाला कुलूप लावलं आणि जिना उतरले.