करवंदी माजघर

प्लेगची साथ ओसरली आणि आम्ही गावाबाहेरच्या झोपड्यांतून कोल्हापुरात परतलो, तेव्हा सरकारी माणसांनी आमचं घर चुन्यानं पांढरंफेक करून ठेवलं होतं. भिंती, कोनाडे, दाराच्या चौकटी, काही म्हणून सोडलं नव्हतं. घरात मी, हे, आमची चार महिन्यांची मुलगी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच तापानं गेल्या होत्या.

महिन्याभरात मामंजींनी माजघर रंगवायला काढलं. ते दरबारच्या कचेरीत कारकून. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मुसलमान रंगाऱ्याला त्यांनी बोलावलं. त्यानं गेरूत नीळ कालवली, सरस घातला आणि भिंती पिकल्या करवंदासारख्या गडद केल्या. चौकटींना मात्र हात लावला नाही. दोघं हळू आवाजात बोलत. मी पाणी घेऊन गेले की गप्प होत.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, बाबांची हौस. ज्या माणसानं दिवाळीलाही नवं उपरणं घेतलं नाही, त्याला रंगाची हौस कुठून आली, हे मला कळेना.

शेजारीण बघायला आली ती दारातच थांबली. "असला रंग उगंच कोण देतंय व्हय? कायतरी झाकायचं असंल की," म्हणाली.

तेव्हापासून सासूबाईंचा ताप माझ्या डोक्यात शिरला. त्या गेल्या त्या वर्षीही गावात साथ होती, एवढं मला ठाऊक होतं. त्या प्लेगनंच ह्या माजघरात गेल्या असतील आणि त्याच्याच खुणा रंगाखाली झाकल्या असतील, असं वाटायला लागलं. घरात कुणी नसताना मी खिळ्यानं भिंत खरवडली. आत चुना, त्याच्या आत माती. तरी मन निवेना. शेवटी एका दुपारी मी मुलीचा माजघरातला पाळणा सोडला आणि मागच्या पडवीत नेऊन बांधला.

संध्याकाळी मामंजी आले. हातपाय धुऊन रोजच्यासारखे माजघरात गेले, पाळण्याच्या जागी वाकले आणि दोन्ही हातांनी रिकाम्या हवेत चाचपू लागले. "निजली का गं?" असं त्या हवेलाच विचारत होते. मुलगी माझ्या कडेवर होती आणि मी त्यांच्यासमोर उभी होते.

"मामंजी, पाळणा तिथं नाही," मी म्हणाले.

ते तिथंच खाली बसले. मग सगळं सांगितलं. झोपडीत असल्यापासून नजर अधू झाली होती. पांढऱ्या घरात भिंत कुठं संपते आणि दार कुठं, ते कळत नव्हतं. दोनदा कपाळ आपटलं होतं. गडद भिंतीत पांढरी चौकट दिसेल, ही युक्ती रंगाऱ्याची.

"कचेरीत कळलं तर घरी बसवतील. मुलालाही सांगू नकोस," ते म्हणाले.

मी लाजेनं अर्धी झाले. तरीही सासूबाईंचं विचारलंच. हिवताप होता, दोन पावसाळे अंगात मुरला होता, असं ते म्हणाले. मला ते पटलं, पण पुरतं नाही.

पाळणा मी त्याच संध्याकाळी परत आणला. पुढं कागदावरच्या ओळी चुकायला लागल्या आणि कचेरीनंच त्यांना घरी पाठवलं. त्यांच्या नजरेचं मला आधीपासून माहीत होतं, असं कळल्यावर हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.