ण ऐकू आला ते वर्ष

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. गावात त्यापुढे वर्ग नव्हता, आणि पवना ओलांडून मुलीला रोज शाळेला धाडायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. पुढचं सगळं मी घरी बसून वाचलं. मामाने पुण्याहून आणलेली जुनी क्रमिक पुस्तकं, वाण्याच्या पुड्यांचे कागद, देवळातली पोथी, जे हाती येईल ते. सातवीची फायनल बाहेरून दिली आणि पास झाले. म्हशीमागं फिरणारी पोर फायनल पास झाली हे गावात कितीतरी दिवस कुणाला खरंच वाटेना.

फायनलनंतर मला शिक्षकीण व्हायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं, आणि तिथे शिरायचं तर आधी त्यांची परीक्षा. गणित, निबंध आणि शुद्धलेखन. शुद्धलेखन म्हणजे बाई उतारा वाचणार, आपण ऐकून लिहायचं. तिन्हींत पास व्हावं लागे. गणितात मला पंचवीसपैकी बावीस मिळाले. निबंध बरा गेला. शुद्धलेखनात वीसपैकी तीन.

निकाल ऐकून मी तिथल्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिले. रडत नव्हते, पण चेहरा तसा झाला असावा, कारण उतारा वाचणाऱ्या बाई जाताजाता थांबल्या, परत आत गेल्या आणि माझा कागद घेऊन आल्या. सगळा कागद लाल. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मी काय वाचलं होतं? मन लावून काम करणारा. तू काय लिहिलंयस? मण लावूण काम करनारा." मग हसू दाबत म्हणाल्या, "मण म्हणजे चाळीस शेर. चाळीस शेर लावून कोण काम करतं गं?"

मी विचारलं, "बाई, हे दोन निराळे असतात का?"

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, गाव विचारलं आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये. पण आधी कान तयार कर."

आता तुम्हाला सांगायला हवं, की आमच्याकडे ण नव्हताच. आमी पानी प्यायचो, लोनी काढायचो, जोंधळ्याचा दाना पाखडायचो. जानं, येनं, खानं, सगळं न वर. चौथीपर्यंत शिकवणारे मास्तर शेजारच्याच गावचे, त्यांचीही बोली तीच. पुस्तकात ण दिसायचा, पण मला वाटायचं ही एकाच आवाजाची दोन अक्षरं, जसे श आणि ष. कुठल्या शब्दाला कुठलं हे डोळ्यांनी पाठ करायचं, एवढंच. मी सगळं शिक्षण डोळ्यांनी केलं होतं, कानांना त्याची खबरच नव्हती. परीक्षेत घाबरल्यावर पाठ केलेलं विसरलं, आणि शिकलेली माणसं ण जास्त वापरत असतील असं समजून मी सढळ हाताने तो वाटून टाकला.

घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "एक साल देतो. पुढल्या बारीला न्हाई जमलं, तर चाकनकडचं स्थळ हाय. कांद्याची बागायत हाय त्यांची." चाकणकडचं स्थळ वाईट नव्हतं, तेही सांगते. पण मला फळ्यापुढे उभं राहायचं होतं. त्यासाठी हातात एक वर्ष होतं, आणि शिकायचं होतं ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवसांत नदीपलीकडे पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि रुळांच्या बाजूला सिंधी निर्वासितांचा कॅम्प बसून चारपाच वर्षं झाली होती. एकासारख्या एक खोल्यांच्या रांगा. आमच्या म्हशींच्या दुधाचा रतीब तिथल्या चार घरी होता, आणि नापास होऊन घरी बसलेल्या पोरीला काम हवं म्हणून चरवी माझ्या डोक्यावर आली. चौथं घर एका बाईचं होतं, माझ्या आईच्या वयाची. ती पापड लाटून विकायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला पुट. पुट म्हणजे लेकरू, हेही तिनेच सांगितलं. तिचं बोलणं म्हणजे हिंदी, मोडकं मराठी आणि तिची स्वतःची बोली यांची खिचडी.

चैत्रातली सकाळ होती, पण ऊन तापलं होतं. मी दूध मापून दिलं आणि उंबऱ्यावर टेकले. तिने पेला पुढे केला.

"पाणी पी, पुट."

मी पेला धरला आणि तशीच राहिले. त्या शब्दाच्या मधोमध काहीतरी होतं. तिची जीभ वर टाळूला जाऊन मागे वळली आणि तिथून एक जड, गोल आवाज सुटून आला, विहिरीत दगड पडल्यावर खालून येतो तसा. पानी नव्हतं ते. सतरा वर्षं मी ज्या शब्दाने तहान भागवली, त्याच्या पोटात आणखी एक आवाज होता आणि तो मला एका परमुलखातल्या बाईच्या तोंडून ऐकू आला.

मी पाणी पिऊन टाकलं आणि म्हटलं, "मावशी, काय म्हणालात?"

तिला वाटलं आणखी हवंय. "पाणी? ले, पाणी."

असे मी चार पेले प्यायले. पाचव्याला तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मी तिला सगळं सांगितलं, परीक्षा, लाल कागद, चाळीस शेर. तिला अर्धंच कळलं असेल, पण जेवढं कळलं त्यावर ती पोट धरून हसली. तुमची भाषा आणि ती मी शिकवू, असं काहीसं म्हणाली. मग घरातल्या वस्तू दाखवायला लागली. दाणो, म्हणजे दाणा. चणा तर चणाच. मिठाला लूण. मला आपलं लोणचं आठवलं आणि अंगावर काटा आला. आम्ही न म्हणत आलो, आणि तिकडे सिंधू नदीच्या काठाला कुणीतरी आपला ण जपून ठेवला होता आणि घरदार सोडून निघताना तोही तोंडात घेऊन आलं होतं.

सगळंच काही जुळत नव्हतं. झाडाला ती वण म्हणायची, म्हणून मी आठवडाभर वहीत वणात जाणे, वणात राहणे असं लिहीत बसले. पुस्तकात वन सापडलं तेव्हा घाम फुटला. तेव्हा कळलं, शब्द पुस्तकातूनच घ्यायचे, तिच्याकडून फक्त आवाज घ्यायचा.

मग आमची एक पद्धत बसली. रतीब घालून झाला की मी तिच्या ओट्यावर बसून मराठी पुस्तक मोठ्याने वाचायची. ती पापड लाटायची. तिला वाचता येत नव्हतं आणि माझं वाचलेलं कळत नव्हतं. पण छापलेला ण आला की मी बोट वर करायची, आणि ती लाटणं थांबवून कान द्यायची. आवाज बरोबर आला तर लाटणं पुन्हा चालू. नाही तर म्हणायची, "ना, जीभ पीछे," आणि आपलं तोंड उघडून दाखवायची. एखाद्या पानावर लाटणं पंधरा वेळा थांबायचं. पापडाचं पीठ सुकायचं, तर ओलं फडकं टाकायची, पण मला पुढे जाऊ द्यायची नाही. शेजारणी विचारायच्या, ही पोर रोज काय वाचते? ती सांगायची, मला काय ठाऊक, पण आज काल से अच्छा वाचला.

मी आयुष्यात पुढे पुष्कळ शिक्षक पाहिले, तीस वर्षं स्वतः शिकवलं. एक अक्षर न कळता एवढं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. श्रावणात एकदा ती स्वतःहून बोलायला लागली. भेण, भेण, असं बोलण्यात सारखं येत होतं. मी तिच्या जिभेकडे बघत होते. किती सुरेख ण, असं मनात म्हणत होते, आणि ओठांतल्या ओठांत तिच्यामागून म्हणूनही पाहत होते. भेण म्हणजे बहीण हे डोक्यात शिरलं तोवर तिचे डोळे भरले होते. तिची धाकटी बहीण जहाजातून तिच्याबरोबर आली होती आणि इकडे उतरल्यावर महिन्याच्या आत तापाने गेली. मी नुसतं अक्षर ऐकत बसले होते. मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी वाचन झालं नाही, दोघींनी मिळून पापड वाळत घातले. कान तयार कर म्हणणाऱ्या बाईंना हेही अभिप्रेत होतं का, कोण जाणे.

हळूहळू मात्र जग बदललं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. स्टेशनात पुण्याची माणसं बोलताना ण ऐकू येऊ लागले. कारखान्याच्या कामावरचा कारकून हजेरी घेताना, देवळात पुराण सांगायला आलेले बुवा, बाजारातली ब्राह्मणीण, सगळ्यांच्या बोलण्यात ते होते आणि सतरा वर्षं माझ्या कानांवरून गेले होते. मी रस्त्यात मध्येच उभी राहून ऐकायची. लोकांना वाटायचं, परीक्षेपायी पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या परीक्षेला उतारा वाचायला त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. उतारा नेमका अरण्याचा. वन, पाणवठा, हरिण, पान, मनुष्यप्राणी, रान. मी मान खाली घालून लिहीत होते आणि सुपात पाखडल्यासारखे न एकीकडे आणि ण एकीकडे पडत होते. कुठेच आठवावं लागलं नाही. लिहिता लिहिता मला मध्येच इतकं नवल वाटलं, की एक वाक्य सुटता सुटता राहिलं.

यादी लागली तिच्यात माझं नाव होतं. शुद्धलेखनात वीसपैकी एकोणीस. एक गुण कुठल्यातरी ऱ्हस्व वेलांटीने खाल्ला.

पिंपरीला उतरून आधी मावशीला सांगितलं. तिने माझ्या तोंडात साखर कोंबली, आणि शेजारणींना हाका मारून आपणच पास झाल्यासारखं सांगत सुटली. तिथून चालत घरी आले. आबा शेतावर होते. आई गोठ्यात वाकून शेण काढत होती. मला बघून म्हणाली, "लांबूनच सांग. हात शेनाचे हायेत."

"पास झाले."

ती उभी राहिली. हात तसेच पुढे धरलेले.

"मंग आता जानार तू?"

जानार. तो न मी जन्मापासून ऐकला होता, पण ऐकू मात्र त्या दिवशी आला. स्वच्छ, दातांमागचा, मऊ. पुण्याला हा आवाज मला मिळणार नव्हता हे तिथेच उभ्या उभ्या कळलं. जाणार म्हणायला माझी जीभ आता तयार होती, नव्हे, ती वर जायला निघालीही होती. मी तिला खाली आणली.

"व्हय," मी म्हटलं. "जानार."