गनीचाचांचा होकार

गनीचाचा कुणाच्याही नव्या घरी गेले की आधी भिंतीला पाठ लावून खाली बसत. खुर्ची पुढे केली तर म्हणत, "खुर्ची सगळ्याच घरात सारखी असती. भिंत येगळी असती." मग डोळे मिटून पाच मिनिटं गप्प. उठले आणि "हाव" म्हणाले की घर पसंत. अहमदपुरात चाचांच्या या "हाव"वर लोक डोळे झाकून बयाणा द्यायचे.

चाचा गावचे मिस्त्री, आमचं अहमदपूरचं घर त्यांनीच बांधलं. त्यामुळे मी वसईत फ्लॅट घेतोय म्हटल्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फोनवर फर्मावलं, "गनीला दाखवल्याबिगर होकार दिऊ नको." रोज मुंबईला जाऊन-येऊन आणि भाड्याची चार घरं बदलून आम्ही दोघं मेटाकुटीला आलो होतो. माझ्या बायकोला, सुनीताला, तर आता कसंही करून स्वतःचा ओटा हवा होता. भर मे महिन्यात सत्तरीचे चाचा एका पिशवीत भिंतीचा सरळपणा तपासायचा ओळंबा आणि दुसरीत अण्णांनी दिलेली ज्वारी घेऊन हजर झाले.

एजंटने तळमजल्याचा फ्लॅट दाखवला. बाहेर अंगातून घामाच्या नुसत्या धारा लागल्या होत्या. चाचा आतल्या खोलीत कपाटाशेजारी भिंतीला टेकले आणि त्यांचा चेहरा खुलला. "दिलीप, काय गार हाय रे! आपल्याकडं येवढ्या थंडाव्यासाठी दीड हात रुंद भिंत घालावी लागती. आन् पाय बी जमिनीला. हाव!"

झालं! सुनीताने मनातल्या मनात फडताळं लावायला सुरुवातही केली. एजंट म्हणाला, चारला कागद करू. तोवर आम्ही कोपऱ्यावर चहाला थांबलो. तिथं सुनीताच्या लक्षात आलं की चाचांच्या काळ्या जाकिटाच्या पाठीला पांढरी भुकटी लागलीय. ती झटकायला गेली तसा चाचांनी तिचा हात धरला. जाकीट काढलं, बोट फिरवलं आणि चक्क जिभेवर ठेवलं.

"खारट," ते म्हणाले. "लोणा हाय, भिंतीतून फुटल्यालं मीठ. भिंत ओली हाय, सूनबाई. म्या ओलीला थंडावा समजून राहिलो."

मी म्हणालो, फोन करून एजंटला नाही म्हणून टाकू. पण चाचा ऐकेनात. आमच्याकडे मिस्त्री एकदा पसंत म्हणाला की शब्द फिरवत नाही. फिरवला तर हसं होतं. तरीही "हाव तोंडानं म्हणलं, न्हाई बी तोंडावरच म्हणायचं," म्हणत ते तरातरा निघाले. चार माणसांदेखत त्यांनी एजंटला सांगितलं, "म्या चुकलो." एजंट चिडून म्हणाला, "चाळीस वर्षांचे मिस्त्री ना तुम्ही?"

"हाव. पर कोरड्या मुलखाचे. हितं म्या आजच आलो."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आमची उभ्या आयुष्याची कमाई त्या ओल्या भिंतीत जाता जाता वाचली होती. पण पुढं जे झालं ते मला त्याहून मोठं वाटतं. दुसऱ्या दिवशी चाचांनी ओळंबा पिशवीतून काढलाच नाही. गल्लीतल्या घरांची दारं वाजवत ते विचारत सुटले, "माय, हितल्या घराला काय रोग लागतो?" बायका आधी हसल्या, मग हात धुऊन बाहेर आल्या. पाऊस कुठल्या बाजूने मारतो, गच्चीखालचा मजला का नको, कुठल्या गल्लीत पाणी साचतं, हे सगळं चाचा पहिलीतल्या पोरासारखं मान हलवत ऐकत होते.

शेवटी आम्ही दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. वास्तुशांतीला रीतीप्रमाणे मिस्त्रीचा आहेर म्हणून टोपी, टॉवेल आणि नारळ पुढं केला, तर चाचा मागं सरकले. "म्या बांधलं न्हाई. आहेर कशाचा?"

सुनीता म्हणाली, "तुम्ही चुकलो म्हणालात ना चाचा, त्याचा."

त्यांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "लई घरं बांधली, लई आहेर घेतले. पर चुकल्याचा आहेर पयल्यांदाच भेटला, सूनबाई. ह्यो म्या घरी समद्यास्नी दाखवीन."