हजर उपकरणांची यादी

"ती पिन खाली ठेवा. राउटर रीसेट केलात तर जिना उतरू देणार नाही," सुमनकाकू अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरचं कुत्रंही गप्प झालं. नेटवर्क दुरुस्तीत माझी ख्याती अशी, की मी जिन्यात दिसलो तरी अर्धे राउटर भीतीनं सुरळीत चालू लागतात. काकूंच्या टीव्हीचं नेट मात्र मिनिटामिनिटाला तुटत होतं.

"पासवर्ड ह्यांनी ठेवलेला," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "तो गेला की ह्यांचा फोन कायमचा तुटेल. त्याचं लॉक कुणालाच उघडत नाही."

काका जाऊन वर्ष झालं होतं. मी वायर जोडून लॅपटॉपवर चालू उपकरणांची यादी काढली. त्यात काकांचं नाव होतं. मी त्या नावाला हाक पाठवली, आणि ओ आली. नेटवर्कला मेलेलं माणूस कळत नाही. ओ दिली की ते घरात आहे. आपणही रिकाम्या खोलीत शिरताना खाकरतोच की.

दोष साधा निघाला. काकांनी फोनला नेटवर्कवरचा एक पत्ता कायमचा देऊन ठेवला होता, आणि वायरवरच्या नव्या टीव्हीनं तोच बळकावला होता. मी टीव्हीला दुसरा पत्ता दिला. नेट स्थिरावलं. काकूंनी लगेच काकांना काहीतरी लिहून पाठवलं. चार्जरची वायर आत गेलेल्या कपाटात बारीकसं काही वाजलं.

"काकू, पण ते वाचणार कोण?"

"वाचत ते आधीही नव्हते. पोचलं की झालं."