पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा

पोपटीचं मडकं उपडं केलं की भाजलेल्या वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास उठतो, आणि मला लहानपणीचा, गडब गावच्या कापणी झालेल्या शेतात ताणलेला पडदा आठवतो. त्या संध्याकाळी पुढे जागाच उरली नव्हती, म्हणून आत्या मला घेऊन पडद्याच्या मागे बसली. जुना, मुका, धडपडीचा सिनेमा होता. हॉटेलातला वाढपी घसरला, उठला आणि त्याने केक थेट मालकाच्या तोंडावर फेकला. सगळं शेत हसलं. आत्या मात्र माझा खांदा दाबून ओरडली, "बघ, डाव्या हातानं मारला! माझ्यासारखा डावखुरा हाय त्यो." डाव्या हाताने जेवते म्हणून तिने घरात काय कमी बोलणी खाल्ली होती?

यंदा पोपटी भाजली जात असताना तोच सिनेमा मला मोबाईलवर सापडला. केक उडाला, पण उजव्या हातातून. मी परत परत लावून पाहिला. उजवाच! मग एकदम लक्षात आलं, पडद्यामागून आम्हाला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसलं होतं.

आत्या शेजारीच शेंगा सोलत होती. तिला सांगावं की नको, कळेना. शेवटी सांगितलंच. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं.

"म्हंजे पुढं बसलेल्यांना त्यो उजवा दिसला?"

"व्हय."

डाव्या हाताने दाणे तोंडात टाकत ती म्हणाली, "बिचारी! त्यांना खरा दिसलाच नाय."