चार घड्या, एक काप

थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, चौथीचं भूगोलाचं पुस्तक नव्याने बांधायला घेतलं आणि बाइंडरकाकांची दातखीळच बसली. जुना पुठ्ठा सोलताना पानांतून कागदाचा पिवळा पडलेला क्रूस टेबलावर पडला. त्याच्या पायथ्याशी दोन्ही कडांना बारीक खाच होती.

ती खाच म्हणजे काकांची सही. कागदाला चार घड्या, कात्रीचा एक काप, उलगडलं की क्रूस. ही करामत आपणच शोधली, असं ते चाळीस वर्षं दुकानात येईल त्याला ऐकवत होते. आपली टिमकी आपणच वाजवायची, तर हळू कशाला? शाळेतल्या मास्तरांनी कागदी क्रुसांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हाही काकांनी छाती पुढे काढून स्वतःचंच नाव सांगितलं. त्या पुस्तिकेचं प्रूफ आज संध्याकाळी छापखान्यात परत जायचं होतं. पहिल्याच ओळीत काका होते.

आणि ताई चौथीत होती तेव्हा काका होते तीन वर्षांचे.

ताई समोरच बसून पानांचे जुडगे शिवत होती, रोजच्यासारखी.

"ताई, हा कुणी कापलाय?"

तिने चष्मा वर सरकवला. "मीच की. तुला गोवर आला होता. रडून घर डोक्यावर घ्यायचास. रोज एक कापून दाखवला की गप्प."

काकांनी क्रूस उलटसुलट करून पाहिला. "आणि इतकी वर्षं तू माझ्या बढाया ऐकत बसलीस?"

"आधी वाटायचं, मुद्दाम करतोयस. राग यायचा. मग कळलं, तुला खरंच आठवत नाही." तिने दोरा दाताने तोडला. "त्याचं जास्त वाईट वाटलं."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी प्रूफ पुढे ओढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि वर ताईचं नाव लिहिलं. पुढच्याच ओळीवर पेन अडलं: 'पायथ्याची खाच ही त्यांची खास सही.' चाळीस वर्षं प्रत्येक क्रुसाला ते ती मोजून मापून, मुद्दाम पाडत आले होते.

"ताई, या खाचेचं काय लिहू?"

"आईच्या कात्रीचं टोक मोडकं होतं रे," ताई म्हणाली. "तेवढंच लिही."