कोरडे निघालेले तांदूळ

“ह्याला डिप्रेशन म्हणतात. अंगात कुणी शिरलेलं नाही,” हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. डिप्रेशन म्हणजे मनाला धरून बसणारी उदासी. तापासारखाच हाही एक आजार.

माझा विश्वास बसला नाही. कित्येक दिवस आरशात माझा सदरा घालून दुसराच कुणी उभा दिसे. मी बोललो की आवाज पाठीमागून येई. साखरा गावातल्या आमच्या घरातला मी पहिला बी.ए., पण हे कुणाला सांगावे ते कळेना.

डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिले. हे ट्रायसायक्लिक औषध. त्याच्या रेणूत तीन कड्या जोडलेल्या असतात. मेंदूतील पेशी ज्या रसायनांनी एकमेकींना निरोप देतात, ती लगेच परत शोषली जाऊ नयेत म्हणून ते अडवते. “त्रास आधी होईल, गुण काही आठवड्यांनी येईल,” ते म्हणाले. कसला त्रास, हे मी विचारले नाही.

थोड्याच दिवसांत जीभ टाळूला चिकटू लागली. पुस्तकातली अक्षरे मुंग्यांसारखी हलू लागली.

माझे मामा गावात अंगातले ओळखणारे जाणते. त्यांनी मला मूठभर तांदूळ चावायला दिले. ओले निघाले तर माणूस मोकळा. कोरडे निघाले तर आत बसलेले कुणीतरी थुंकी पिते, अशी आमच्याकडची पारख. मी पुष्कळ चावले. हातावर पांढरे, कोरडे पीठ पडले.

त्याच क्षणी माझ्या घशात कुणीतरी आवंढा गिळल्यासारखे झाले.

“पिऊनच राहिलं की ते,” मामा हळूच बोलले. “गोळ्यांनी चवताळलं. बंद करा.”

मायने ते पीठ आणि उरलेले तांदूळ पदरात बांधून मला पुन्हा हिंगोलीला नेले. “डाक्टरसाहेब, हे बघा. आता गोळ्या काहून द्याव्या?”

डॉक्टर हसले नाहीत. “मावशी, ही गोळी लाळ आटवते.” तिला पटेना. तेव्हा त्यांनी तिच्याच पदरातले तांदूळ तिला चावायला सांगितले. तिच्याही ओंजळीत कोरडे पीठ पडले.

“अगं माय! मह्याबी अंगात हाय का?”

“लेकराच्या काळजीची भीती आहे, मावशी. भीतीनंही तोंड असंच वाळतं.”

घरी येताच तिने मामांपुढे मूठ धरली. “दादा, आधी तू चाव.” मामांनी तांदळाला हात लावला नाही.

गोळ्या चालू राहिल्या. पुढे एका सकाळी भाकरीतले मीठ पुन्हा जिभेला कळले, आणि आरशातला सदरा माझाच होता.

तुमच्या घरी असे कुणी असेल, तर डॉक्टरांना न विचारता ही गोळी सोडू नका, वाढवूही नका. जास्त झाली तर ती हृदयावर उठते. तोंड वाळले तर घोटघोट पाणी प्या.

मायने ती मूठ चावली नसती, तर गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या. आणि तो आरशातला, माझा सदरा घालून, आज तिला माय म्हणत असता.